साहेब नाही आले?

नगर जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव लागलं, छान झालं. चौंडीत जन्मलेल्या या बाईंनी काशीपासून रामेश्वरपर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधून घेतल्या. आता त्यांच्याच नावाच्या शहरात एखाद्या बाईने गटाराचं टेंडर भरून बघावं. पहिला प्रश्न येतो, "साहेब नाही आले?"

कायदा तसा बाईच्या बाजूचा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून 25 टक्के खरेदी करा, असं केंद्राचं 2018 पासूनचं धोरण सांगतं. त्यात 3 टक्के महिला उद्योजकांचे, 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचे. आनंद झाला असेल तर पुढची ओळ वाचू नका. धोरण केंद्राची खाती आणि केंद्राच्या कंपन्या यांच्यापुरतं आहे.

म्हणजे नगरमध्येच बघा. लष्कराचं रणगाडा केंद्र आहे, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे. त्यांच्या खरेदीत बाईचा वाटा निदान कागदावर आहे. महापालिकेच्या दारात आलात की हा कागद चालत नाही.

महापालिकेच्या सभागृहात मात्र निम्म्या जागा बायकांच्या. ठरावाला हात वर करायला निम्म्या. ठरावातलं काम घ्यायला किती?

संधी शोधायची तर महाटेंडर्सच्या पोर्टलवर जा. सगळं ऑनलाइन, सगळं पारदर्शक. डिजिटल सही काढा, बयाणा रक्कम भरा आणि अटी वाचा. इतक्या वर्षांची उलाढाल, तेवढ्याच मोठ्या कामाचा अनुभव. बाईला अनुभव नसेल, पण अटी लिहिणाऱ्याचा दांडगा असतो. कोण बसणार आणि कोण उठणार, ते लिफाफा उघडायच्या आत त्याला ठाऊक.

ही उगाच कुरकुर वाटत असेल तर अंगणवाडीत चला.

अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, महिला मंडळं आणि बचत गटांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगितलं. ठेकेदार गेले? कुठले जातात! 2012 मध्ये न्यायालयाच्या आयुक्तांच्या अहवालाने महाराष्ट्रातल्या बड्या पुरवठादार 'महिला संस्थां'चे पदर वर करून बघितले. आत खासगी कंपन्या निघाल्या.

पुन्हा टेंडर निघालं 2016 मध्ये. राज्यातले अंगणवाड्यांचे 553 प्रकल्प 70 गठ्ठ्यांत बांधले आणि बचत गटांना सांगितलं, या, उचला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते 6,300 कोटींचं टेंडर रद्द केलं. निकालापर्यंत पोचायला तीन वर्षं लागली. तोवर पोरं जेवत होतीच, कोणाच्या तरी हातचं.

आणि चिक्की? ती कशी विसरणार, ती तर आपल्याच जिल्हा परिषदेतून गाजली. 2015 मध्ये तेव्हाच्या अध्यक्षा मंजुषा गुंड यांनी चिक्कीत माती असल्याची तक्रार केली आणि एका दिवसात काढलेले 24 शासन निर्णय, 206 कोटींची खरेदी, सगळं चव्हाट्यावर आलं. पुढे लाचलुचपत खात्याने मंत्र्यांना क्लीन चिट दिली, तेही नोंदवून ठेवू. पण मांडणी पाहा: खातं महिला व बालविकास, मंत्री महिला, पुरवठादार महिला संस्था, तक्रार करणाऱ्याही महिला. महिला सक्षमीकरण इतकं भरगच्च पुन्हा झालं नाही.

कागदावर बाई मालक, हे एक. दुसरा प्रकार जास्त प्रामाणिक आहे, तिथे बाईला सरळ मजूर म्हणून बोलावतात.

2024 चा 'एक राज्य, एक गणवेश' आठवा. आधी शाळा व्यवस्थापन समिती गावातल्याच शिंप्याकडून गणवेश शिवून घ्यायची. सरकारला ते फार सोपं वाटलं असावं. कापडाची खरेदी राज्यासाठी एकदम, कापलेले तुकडे गावोगाव, आणि शिलाई महिला बचत गटांकडे. दर? एका गणवेशाला 100 रुपये, वर 10 रुपये अनुषंगिक खर्च. एवढ्यात शर्ट, पँट, काज, बटण आणि ने-आण. अनेक गटांनी हात जोडले. ऑगस्टचं झेंडावंदन बऱ्याच पोरांनी जुन्या कपड्यांत केलं. ज्यांना मिळाले त्यांतल्या काहींच्या बाह्या एका इयत्तेच्या, गळा दुसऱ्या इयत्तेचा. डिसेंबरात सरकारने खरेदी पुन्हा शाळांकडे सोपवली.

कापडाचं टेंडर कोटींत, शिलाईची मजुरी रुपयांत. बायांना यातलं काय मिळालं, हे सांगायला हवं का?

मग बचत गटाला द्यायचं काय? स्टॉल! पापड, कुरडई, शेंगदाण्याची चटणी. मंत्री येतात, फीत कापतात, चटणीची चव घेतात, फोटो निघतो. त्या प्रदर्शनाच्या मंडपाचा ठेका कोणत्या बचत गटाला मिळाला, एवढं कोणीतरी माहिती अधिकारात विचारा. माहिती अधिकाराच्या लढ्याचं राळेगणसिद्धी आपल्याच जिल्ह्यात आहे, अर्ज लिहायला लांब जायला नको.

तरी समजा, एखादीने सगळे लिफाफे पार केले. टेंडर मिळालं, कामही झालं. छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्या, असं 2006 चा कायदा म्हणतो. 2025 मध्ये राज्यातले कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांनी सांगितलेला आकडा 89 हजार कोटींचा होता. हे सगळे उलाढालीत बसणारे, अनुभवाचे दाखले असणारे, साहेब स्वतः येणारे.