रागाची वेतनश्रेणी

सातव्या वेतन आयोगाने राज्य कर्मचाऱ्यांना एस-1 ते एस-31 असे स्तर आखून दिले. पण कोणत्या स्तरावर किती रागवायचं, याचा तक्ता काही निघाला नाही. तरी अंमलबजावणी चोख आहे. सरकारी कामात असं क्वचितच घडतं.

जिल्ह्याची आढावा बैठक बघा. मंत्रिमहोदय फाईल टेबलावर आपटतात. समोरचे अधिकारी लगेच डायरीत लिहू लागतात. लिहून घेण्याजोगं कुणी काही बोललेलं नसतं, पण मान खाली घालायला निमित्त मिळतं. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट: 'अधिकाऱ्यांना धरले धारेवर'. मंत्र्यांची ती जनतेविषयीची तळमळ. हाच आवाज एखाद्या लिपिकाने काढला, तर 1979 चे वर्तणूक नियम आणि कारणे दाखवा नोटीस.

मग राग खाली उतरतो. जिल्हाधिकारी प्रांतांना, प्रांत तहसीलदारांना, ते मंडळ अधिकाऱ्याला आणि तो तलाठ्याला झापतो. (तलाठ्याचा आता ग्राम महसूल अधिकारी झालाय. पदनाम लांबलं, बोलणी तेवढीच.) तलाठ्यासमोर फेरफारासाठी हेलपाटे घालणारा शेतकरी उभा. 'सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या.' शेतकऱ्याचं डोकं फिरतं, तेवढ्यात भिंतीवरची पाटी दिसते: शासकीय कामात अडथळा, कलम 353. खरं तर 1 जुलै 2024 पासून त्याचं कलम 132 झालं, पण जुन्या पाटीनेही काम भागतं. तो हात जोडतो, 'तुमचंबी बरोबरच हाय, भाऊसाहेब.' आणि घरी गेल्यावर त्याला आमटीत मीठ कमी लागतं. बायकोला भांडी जरा जोरात ठेवण्यापुरता राग मंजूर आहे, तोही सासू झोपल्यावर.

आर्ली हॉशिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी विमानातल्या हवाईसुंदरींचं पगारी हसू अभ्यासलं आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांचं पगारी डाफरणंही. आमच्या तहसील कचेरीत बसल्या असत्या, तर दोन्ही एकाच माणसात सापडलं असतं: आतून बेल वाजली की हसू, खिडकीत कुणी आलं की डाफरणं.

साहेबांनाही ताण असतोच. त्यांच्यासाठी इगतपुरीला दहा दिवसांची विपश्यना आहे. शिपायासाठी जिन्याखालची जागा आणि गायछापची पुडी आहे. दीड मिनिटात परतला नाही, तर पुन्हा बेल.

तेव्हा आमची सूचना अशी, की शासनाने एकदाचा नियम करून टाकावा. एस-10 च्या खालच्या कर्मचाऱ्यास राग आल्यास त्याने सात दिवसांच्या आत विहित नमुन्यात, तीन प्रतींत अर्ज करावा. अर्जात रागाचं कारण, अंदाजित कालावधी आणि यापूर्वी राग आला असल्यास त्याचा तपशील द्यावा. अर्ज योग्य मार्गानेच यावा, म्हणजे ज्या साहेबांचा राग आलाय त्यांच्या शिफारशीसह. मंजुरी येईपर्यंत अर्जदाराने हसतमुख राहावं.