नॅरोगेजवरचे घराणे

गाण्याच्या घराण्यांविषयी विद्वानांनी आजवर पुष्कळ शाई खर्च केली असली, तरी ज्या संगीतावाचून आपल्याकडचा नवरदेव मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतची चार पावलेसुद्धा टाकावयास तयार होत नाही, त्या बँडच्या संगीताचे घराणे कोणते, हा प्रश्न कोणाही संगीतशास्त्र्याने अद्याप विचारास घेतलेला नाही. आणि तो घेण्यास मिरजेइतके योग्य ठिकाण दुसरे नसावे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी ज्या गावी बिऱ्हाड केले आणि १९३७ साली देहावसान झाल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यात ज्या गावी ते विसावले, ते हे गाव. सतारी-तंबोऱ्यांच्या कारागिरांची अख्खी आळी जेथे भोपळ्यांच्या राशीत बसून जवारी काढीत असते, तेही हेच. अशा गावी परका मनुष्य चोर की साव, ही चौकशी मागाहून होते. तो किराणा की ग्वाल्हेर, हे आधी विचारून घेतात.

आमच्या पेठेतल्या बँडमास्तरांना १९५५ च्या वैशाखात पंढरपूरच्या पलीकडची एक सुपारी आली आणि हिशेबाची वही लिहिणारा त्यांचा भाचा ऐन वेळी स्वतःच्याच लग्नात अडकला, तेव्हा शाळेच्या सुटीमुळे सर्वस्वी निरुपयोगी झालेल्या माझ्यासारख्या गृहस्थाची त्यांना आठवण झाली. "गुरुजी, चला. दोन वेळचं जेवण पंगतीत, आणि जागा खिडकीची," एवढ्या अटींवर माझी नेमणूक झाली. मी मनात हेतू धरला की, हजेरीपट लिहिता लिहिता या मंडळींच्या घराण्याचाही छडा लावावा.

बार्शी लाइट रेल्वेने आमचा प्रवास व्हावयाचा होता. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी ही अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली, ती पुढे पंढरपुरास गेली, लातुरास गेली, १९२७ साली मिरजेस पोहोचली आणि १९५४ साली सरकारजमा झाली. योगायोग असा की, आमच्या ढोलाचा व्यासही अडीच फुटांचाच होता. ढोलवाला हा पूर्वाश्रमीचा पैलवान. त्याने रुळांकडे आणि ढोलाकडे आळीपाळीने पाहून, "गुर्जी, ह्यो ढोल रुळावर सोडला तर तिकिटाचं पैसं वाचतील," असा विचार गंभीरपणे मांडला आणि मास्तरांनीही तो तितक्याच गंभीरपणे, घाटाचा प्रदेश लागत नाही या कारणास्तव, क्षणभर तोलून पाहिला.

फलाटावर पंढरपूरकडून आलेले, भीमाकाठी पिकलेले मोठाले वाळके भोपळे उतरवीत होते. त्यांचेच पुढे तंबोरे होणार. परंतु मालाच्या पावतीवर त्यांची नोंद भाजीपाला अशी झालेली मी स्वतः वाचली. संगीत हे सरकारी दप्तरात कोणत्या सदराखाली पडते, याचा हा मला घडलेला पहिला साक्षात्कार होय.

गाडी सुटली. अडीच फुटी गाडीची चाल विलंबित असते आणि गवयाप्रमाणे तिलाही समेची घाई नसते. त्यामुळे कवठे महांकाळ येईपर्यंत मी क्लॅरिनेटवाल्या अण्णांपाशी माझा प्रश्न काढू शकलो. अण्णा वयाने साठीचे, बालपणी नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात वाढलेले. ते क्लॅरिनेटची बोरूची पत्ती जिभेवर भिजवीत बसले होते, आणि ती पुरती भिजेपर्यंत त्यांना बोलता येत नसे. म्हणून प्रश्न एका स्टेशनात आणि उत्तर दुसऱ्या स्टेशनात, असा आमचा संवाद चालला.

"अहो, आमचं घराणं म्हणजे थेट," पत्ती तोंडातून काढून ते म्हणाले. "भास्करबुवा बखल्यांनी तीन घराण्यांच्या खाँसाहेबांच्या चिलमी भरल्या. मग १९१६ साली 'स्वयंवरा'च्या चाली बांधल्या. त्या नारायणरावांनी गायल्या. नारायणरावांच्या रेकॉर्डी निघाल्या. रेकॉर्डीवरून मी उचलल्या. मध्ये कोणी परका मनुष्य आला का, सांगा!"

एक ग्रामोफोन तेवढा आला होता. पण त्याला परका म्हणावे असे मलाही वाटेना. अण्णांचा खरा अभिमान मात्र मींडेचा होता. ट्रंपेटास तीन खटके, पेटीस मोजक्या पट्ट्या. स्वरास्वरांतली वाट या वाद्यांना ठाऊक नाही. क्लॅरिनेटच्या भोकावरून बोट हलकेच सरकवले की ती वाट सापडते. त्यांनी ते बोट मला जवळून दाखविले: अनामिकेच्या टोकाला भोकाच्या आकाराचा वाटोळा घट्टा पडलेला होता, आणि तो ते एखाद्या सनदेवरील मोर्तबासारखा उजेडात धरून दाखवीत.

समोरच्या बाकावर बसलेले, पथकात ज्यांना सगळे नुसतेच 'पात्रांव' म्हणत, ते गोव्याचे ट्रंपेटवाले हे सर्व स्मित करीत ऐकत होते. त्यांच्या गावी इगर्जीच्या शाळेत मेस्ताने त्यांना अक्षरांच्या आधी सुरांची लिपी शिकविली. पुढे मुंबईस मूकपटांच्या थिएटरात पडद्याखाली बसून ते घोड्यांच्या दौडीस आणि नायिकेच्या मूर्च्छेस संगीत पुरवीत. १९३१ साली 'आलम आरा' आला. "चित्राला तोंड फुटलं आणि आमच्या तोंडचा घास गेला," ते म्हणाले. नंतर हॉटेलांतले नाच, मग एका संस्थानिकाचा बँड, आणि संस्थाने विलीन झाल्यावर आमचे मास्तर. त्या वेळी गोव्याच्या सीमेवर नाकेबंदी असल्यामुळे त्यांना घरीही जाता येत नव्हते.

"सी. रामचंद्र तुमचाच ना? पुणतांब्याचा चितळकर?" त्यांनी मला विचारले, जणू काही त्या गृहस्थांची जामीनकी मजकडे होती. "त्याच्या 'अलबेला'त तो बँड कोणाचा? आमच्या हळदोण्याच्या चिक चॉकलेटचा. मग मी 'अलबेला'चं गाणं वरातीत वाजवतो, ती काय नक्कल झाली? आमचाच माल, परत घेतो!"

या वारसाहक्कावर अण्णांनी हरकत घेतली. ट्रंपेटवाल्यांचे संगीत विलायती आणि म्हणून उपरे, असे त्यांचे म्हणणे. त्यावर पात्रांवांनी अण्णांच्या हातातल्या काळ्या नळीचा जन्म कोठला, एवढेच सौम्यपणे विचारले. अण्णांनी पत्ती पुन्हा तोंडात घातली आणि जत रोड गेले तरी काढली नाही.

ताशाचे काम करणारा साइड ड्रमवाला पोरगा कोल्हापूरचा. त्याचा चुलता राजाराम रायफल्समध्ये वाजविणारा. त्याने पोराला थाळीवर काठ्या मारून कवायतीचे ठेके शिकविले होते. "आमचं घराणं डावं-उजवं," तो म्हणाला. संगीतावरील इतके निःसंदिग्ध विधान मी अन्यत्र वाचलेले नाही, आणि ते मी वहीत जसेच्या तसे उतरून घेतले. ढोलवाल्यास मात्र प्रश्नच मान्य नव्हता. "घराणं असतं तर ढोल कशाला वाजवला असता?" असे म्हणून तो ढोलावरच डोके टेकून झोपला.

पंढरपुराहून पुढे मोटारीने निघालो, तो एका नगरपालिकेच्या जकात नाक्यावर आमची पेटारी उतरविण्यात आली. तेथील कारकून हा अत्यंत कायदेशीर मनुष्य होता. त्याने युफोनियम टिचकी मारून पाहिले आणि "पितळी माल. वजनावर जकात," असा निवाडा दिला. मास्तरांनी ही वाद्ये असल्याचे निवेदन केले. कारकुनाने दरपत्रकात पितळेची भांडी आहेत, पितळेची वाद्ये नाहीत, हे बोट ठेवून दाखविले. विक्रीस नेत नाही, हे सिद्ध करा. वाद्य आहे, तर वाजवून दाखवा.

पात्रांवांनी एक पलटणी कूच फुंकले. कारकुनाच्या मुद्रेवर रेषा हलली नाही. मग अण्णा पुढे झाले आणि त्यांनी 'मानापमाना'तील एका पदाची चाल सुरू केली. १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडची ठुमरी मराठी रंगभूमीवर आणून बसविली, तेव्हा तिचा उपयोग पुढे जकात चुकविण्यासाठी होईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. परंतु दुसऱ्या अंतऱ्यापाशी त्या कारकुनाने टाक दौतीत ठेवला, चष्मा काढला आणि "जरा ती जागा पुन्हा घ्या," असे तो अगदी निराळ्याच आवाजात म्हणाला. ती जागा इतक्या वेळा घेण्यात आली की, मागे खोळंबलेल्या मिरचीच्या गाड्यांवरील मंडळी खाली उतरून बसली. अखेर पुस्तकात नोंद झाली: 'वाजविण्याजोगे पितळ. खात्री केली.' ढोल चामड्याचा असल्याने तो निराळ्या कलमाखाली पडतो, ही शंका त्यास आली खरी. पण ढोलवाला त्या वेळी जागा झालेला पाहून त्याने ती पुढील तपासावर ठेवली.

लग्नघरी पोहोचताच पोशाख चढले. हे लाल डगले कोण्या विलीन संस्थानच्या लिलावातून मास्तरांनी घेतले होते, आणि ते मूळ ज्यांच्या मापाचे, ते शिपाई बहुधा धिप्पाड असावेत. साइड ड्रमवाल्या पोराच्या बाह्या काठ्यांसकट हात गिळून टाकीत आणि ढोलवाल्याची गुंडी एकही लागत नसे. रात्रीच्या दवाने ढोलाचे कातडे सैल पडते म्हणून ते शेकावे लागते. त्यासाठी ढोलवाला आचाऱ्याच्या बुंदीच्या भट्टीपाशी ढोल घेऊन गेला आणि तेथून ताणलेल्या कातड्यासह, आणि खिशांच्या फुगीरपणावरून पाहता त्याहूनही काही अधिक घेऊन, परतला.

नवरदेवाचा परण्या निघाला तशी फर्माईश झाली 'नागिन'ची. १९५४ साली आलेल्या, हेमंतकुमारांचे संगीत असलेल्या या चित्रपटाने सबंध देशाला पुंगीचे वेड लावले होते. वास्तविक त्या चालीत पुंगी नाहीच. कल्याणजी नावाच्या तरुणाने क्लॅव्हिओलीन नावाच्या विजेच्या पेटीवर तो आवाज काढला आणि रवी यांनी हार्मोनियमची जोड दिली. अण्णांनी तो क्लॅरिनेटवर घेतला, आणि वधूचे मामा हातरुमालाचे एक टोक दातात व दुसरे हाती धरून भर रस्त्यात गुडघ्यांवर आले. ते उठेनात. मुहूर्त जवळ येऊ लागला, भटजी हातवारे करू लागले, तरी मामांचा नाग बिळात जाईना. शेवटी मास्तरांनी डोळा मिचकाविला आणि पथकाने एकदम पलटणी कूच धरले, तेव्हा मामा आपोआप उठून डावे-उजवे करीत मांडवात शिरले. कोल्हापुरी घराण्याचे सामर्थ्य मला पटले ते त्या वेळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोटारीची वाट पाहत असता एक खराखुरा गारुडी, कावड आणि टोपल्यांसह, अण्णांपुढे येऊन हात जोडून उभा राहिला. त्याची विनंती अशी की, ती रात्रीची चाल त्यास शिकवावी. कारण बापजाद्यांची पुंगी वाजविली असता हल्ली गावोगावची पोरे, "ही पुंगी खोटी, 'नागिन'ची वाजव," म्हणून ओरडतात आणि पैसा टाकीत नाहीत.

अण्णांनी आयुष्यात प्रथमच शिष्य पाहिला. झाडाखाली बैठक जमली. ढोलवाल्याने मांडीवर ठेका धरला, पात्रांवांनी सूर गुणगुणून दुरुस्त केले, आणि गारुडी गाल फुगवून त्या विजेच्या पुंगीची नक्कल आपल्या भोपळ्याच्या पुंगीतून काढू लागला. टोपलीतला नाग फडा काढून उभा होता.

"ह्याला आवडतंय का बघा," मी म्हणालो.

"त्याला कुठं ऐकू येतंय, म्हाराज," गारुडी म्हणाला. "त्यो हात हालंल तसा डोलतोय. सूर समदा तुमच्यासाठी."

अण्णांना हे फारसे रुचले नाही. मैफलीत असे श्रोते त्यांनी पुष्कळ पाहिले होते. तरी गारुड्याने गुरुदक्षिणा म्हणून आठ आणे काढून ठेवले, ते त्यांनी घेतले आणि मास्तरांनी मजकडून ते वहीत 'शिकवणीबद्दल जमा' असे लिहवून घेतले. त्यातला दोन आण्यांचा वाटा ढोलवाल्याने तिथल्या तिथे मागितला, ठेका त्याचा होता म्हणून. आणि तो मिळेपर्यंत ढोल मोटारीच्या टपावर चढू दिला नाही.