मृतसाठा

सिडकोतल्या एन-सातमधल्या आमच्या गल्लीत आवर्तनकाका राहतात. त्यांचं खरं नाव लाइटबिलावर असतं आणि ते वाचायला फक्त मीटरवाला येतो. बाकी गल्लीला ते आवर्तनकाका.

आवर्तन म्हणजे धरणातून कालव्यात सोडलेली पाण्याची एक पाळी. काकांनी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ३१ वर्षं पाळ्या सोडल्या. कालवा २०८ किलोमीटरचा, त्यातला काकांच्या ताब्यातला तुकडा लहानसाच. पण त्या तुकड्यावर एक लिटर पाणी कधी हिशेबाबाहेर गेलं नाही. नमुना सातचा अर्ज नसेल तर सख्ख्या मेव्हण्याच्या उसालाही पाणी नाही. मेव्हणा अजून त्यांच्याकडे चहा घेत नाही.

पाणी मोजता मोजता काकांना सगळंच मोजायची सवय लागली, आणि मोजलेल्यातलं शेवटचं राखून ठेवायची. काडेपेटीतली शेवटची काडी ते पेटवत नाहीत. लोणच्याच्या बरणीत तळाची फोड वर्षभर एकटी बसते. सरकारी नोकरीत वर्षाला मोजक्याच किरकोळ रजा मिळत. काका एक सोडून सगळ्या घेत आणि शेवटची अडीअडचणीला ठेवत. अडचण काही यायची नाही आणि ३१ डिसेंबरला ती रजा बुडायची. अशा ३१ रजा त्यांनी शासनाला सोडल्या. विचारलं तर म्हणतात, ‘‘बुडाल्या नाहीत लेकरा, खर्च झाल्या नाहीत.’’

आता यात काकांचा तरी काय दोष? हे शहरच तसं. जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर, आणि आमच्या नळाला पाणी येतं ते आठ-आठ दिवसांनी. इथलं लेकरू बोलायच्या आधी पाण्याचा वार ओळखतं. पण बाकीचे आम्ही पाण्यापुरते कंजूष. काकांनी ते तत्त्वज्ञान संसारभर पसरवलं.

अशा माणसाच्या हातात २००८ साली लॅपटॉप आला.

निवृत्तीचे पैसे मिळाले होते. मुलगा न्यू जर्सीत. जावई स्कोडाच्या शेंद्र्याच्या कारखान्यात, तिथून त्याला कंपनीनं चेक प्रजासत्ताकात नेलेलं. म्हणजे लेकही तिकडे. ‘लेकरांशी बोलायला’ म्हणून काकांनी लॅपटॉप घेतला, आणि पहिल्याच आठवड्यात निराला बाजारातून एका इंग्रजी सिनेमाची डीव्हीडी आणली. ती आत घातल्यावर पडद्यावर एक चौकट आली. काकांनी मला हाक मारली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे गल्लीच्या हिशेबानं संगणकतज्ज्ञ.

चौकटीतला मजकूर असा होता: ड्राइव्हचा विभाग निवडा. हा विभाग मोजक्याच वेळा बदलता येईल. शिल्लक शून्य झाली की विंडोज पुन्हा टाकली किंवा ड्राइव्ह दुसऱ्या संगणकात नेऊन बसवला तरी विभाग बदलणार नाही.

‘‘मोजक्या म्हणजे किती?’’

‘‘पाच.’’

काकांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर प्रथमच कुणी तरी त्यांच्या भाषेत बोलत होतं.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. सिनेमा कंपन्यांनी जगाचे भाग पाडलेत. एक नंबर अमेरिका-कॅनडा. दोन युरोप, जपान, आखात, दक्षिण आफ्रिका. तीन हाँगकाँग, कोरिया, तिकडचे देश. चार ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका. पाचात आपण. सहा एकटा चीन. सात राखीव. आठ विमानं आणि जहाजं. ज्या भागाची डीव्हीडी त्या भागाच्याच यंत्रावर चालायची. सिनेमा अमेरिकेत आधी लागतो, इकडे नंतर येतो, किमतीही वेगळ्या. तिकडची डीव्हीडी आधीच इकडे आली तर इथलं थिएटर कोण भरणार? आणि २००० सालापासून हे कुलूप संगणकाच्या ड्राइव्हमध्येच बसवतात. मोजणी ड्राइव्हच्या पोटात होते, विंडोजच्या हातात काही नसतं.

दुसरा कुणी असता तर कंपन्यांना शिव्या घातल्या असत्या. काकांनी कौतुकानं मान हलवली. ‘‘लाभक्षेत्र आहे रे हे! कालव्याला पाडतात तशा चाऱ्या पाडल्यात. विमानाला, जहाजाला स्वतंत्र चारी! आणि सातवी राखीव. बघ, राखीव ठेवायची अक्कल आहे लोकांना.’’ मग त्यांचं बोट पाचावर थांबलं. ‘‘पण आपल्या चारीत कोणकोण?’’

‘‘रशिया, पाकिस्तान, अफगाणिस्तान, मंगोलिया, उत्तर कोरिया, बराचसा आफ्रिका.’’

‘‘म्हणजे टेलची, अगदी शेवटची चारी,’’ काका म्हणाले. ‘‘आणि सोडतात हेडकडून. चूक आहे. नियम असा, की आधी टेलला पाणी द्यायचं, मग हेडकडे सरकायचं. हेडवाला कधीच तहानलेला राहत नाही.’’

हॉलिवूडची सगळी व्यवस्था त्यांनी एका वाक्यात नापास केली आणि विभाग पाच निवडला. कपाटातून जुनी नोंदवही काढून लिहिलं: ‘आवर्तन क्र. १. विभाग ५. शिल्लक ४.’

दुसरं आवर्तन त्याच दिवाळीत गेलं. मुलगा आला, येताना तिकडच्या डीव्हीड्या घेऊन आला, आणि रात्री सगळे झोपल्यावर न विचारता त्यानं विभाग एक करून टाकला. सकाळी काकांनी शिल्लक पाहिली. पोटच्या पोरानं रात्रीतून दारं उचकटून पाणी पळवलं, असा तो प्रकार होता. नोंदवहीत ‘अनधिकृत उपसा’ असा शेरा आहे.

मुलगा गेल्यावर काकूंना मराठी सिनेमा बघायचा होता. सिनेमा मराठी, म्हणजे विभाग पाच, हे उघडच. काकांनी तिसरं आवर्तन सोडलं. संध्याकाळी मी डीव्हीडीचं वेष्टन पाहिलं. आपल्याकडच्या बऱ्याच सिनेमांच्या डीव्हीड्या सगळ्या विभागांना खुल्या असतात, ही त्यातलीच होती. मी ते सांगितलं आणि तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. काका दोन दिवस जेवले नाहीत. नोंदवहीत फक्त एक शब्द आहे: ‘गळती.’

चौथं लेकीनं आणलेल्या प्रागच्या प्रवासपटासाठी गेलं. विभाग दोन. शिल्लक १.

आणि तिथं कालव्याचं दार बंद झालं ते झालंच.

२००९ च्या शेवटी मुलानं कुणाबरोबर तरी नातवाची डीव्हीडी पाठवली. आता ड्राइव्ह दोनवर. पाचवं आवर्तन सोडून एकवर नेता आला असता. पण मग तो कायमचा एकवरच राहिला असता. ‘‘म्हणजे लेकाचं दार उघडं आणि लेकीचं कायमचं बंद,’’ काका म्हणाले. ‘‘वाटणी अशी करायची का?’’ मी म्हटलं, ‘‘पण नातू...’’ ते म्हणाले, ‘‘नातवाला आज पाहिलं तर उद्या काय पाहू? अजून त्याचं गॅदरिंग आहे, लग्न आहे. त्याच्याही डीव्हीड्या येतील.’’ डीव्हीडी काकूंच्या पैठणीच्या घडीत गेली. पैठणीसुद्धा राखून ठेवलेलीच.

मी उपाय सुचवले नाहीत असं नाही. एकदा त्यांना पैठण गेटला घेऊन गेलो. तिथल्या दुकानातल्या पोरानं लॅपटॉप उलटसुलट करून सांगितलं, ‘‘अंकल, ड्राइव्ह का अंदर का प्रोग्राम बदलना पडेगा. हो गया तो सब नंबर खुले. नै हुआ तो ड्राइव्ह गया. रिस्क तुम्हारा.’’ काकांनी लॅपटॉप छातीशी धरला आणि रिक्षा शहागंजपर्यंत येईस्तोवर सोडला नाही.

मग मी सांगितलं, की व्हीएलसी नावाचा फुकटचा प्लेअर आहे, तो विभाग विचारत बसत नाही. काही ड्राइव्ह त्यालाही दाद देत नाहीत, पण बघू तरी. आणि नॉर्वेची गोष्ट सांगितली. तिथल्या योन योहानसेन नावाच्या पंधरा वर्षांच्या पोरानं १९९९ साली डीव्हीडीचं सांकेतिक कुलूप उघडणारा प्रोग्राम जगासमोर आणला. ४० बिटांचं कुलूप ते, फार भक्कम नव्हतंच. त्याच्यावर खटला भरला.

‘‘किती वर्षं झाली त्याला?’’

‘‘सुटला. २००३ मध्ये. कोर्ट म्हणालं, स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी बघणं हा गुन्हा नाही.’’

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘वशिला असेल.’’

शेवटचा प्रयत्न म्हणून मी त्यांच्याच खात्यात शिरलो. म्हटलं, ‘‘काका, नाथसागरात सगळ्यात खाली २६ टीएमसी मृतसाठा असतो ना? कालव्याला मिळत नाही तो. पण २०१६ च्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं तेव्हा आपण सगळे तेच पाणी प्यायलो. मृतसाठासुद्धा शेवटी उपसतातच.’’

‘‘आपत्कालीन पंपानं,’’ काका म्हणाले. ‘‘आपत्काल आलाय का?’’

आपत्काल आला नाही. वर्षं मात्र आली आणि गेली. नव्या लॅपटॉपांतून ड्राइव्हच गायब झाले. नातू रोज फोनवर दिसू लागला, दात पडलेला, मग दात आलेला, मग मिसरूड फुटलेला. काकांच्या लॅपटॉपची बॅटरी मेली. तो नुसत्या वायरीवर जगू लागला. पण विभागाची चौकट ते दर एक तारखेला उघडून बघत. शिल्लक १. पातळी कायम.

गेल्या वर्षी तो नातू सुट्टीला आला. पंधरा वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा. काकूंच्या कपाटात काही तरी शोधताना पैठणीची घडी उलगडली. ‘‘आजोबा, यावर माझं नाव आहे.’’ डीव्हीडीवर मार्करनं नाव लिहिलेलं होतं. एवढं बोलून त्यानं लॅपटॉपच्या ड्राइव्हचं बटण दाबलं. काका ‘‘थांब!’’ म्हणून ओरडले, मी गच्चीवरून धावत आलो. तोवर ती आत गेली होती.

चौकट आली नाही. काहीच विचारलं नाही. ड्राइव्ह घरघरला आणि पडद्यावर एक गुटगुटीत बाळ केकमध्ये हात बुडवून बसलेलं दिसलं. पहिला वाढदिवस. तिकडच्या दिवाणखान्यात मुलानं स्वतः काढलेला, स्वतःच्याच संगणकावर डीव्हीडीत उतरवलेला.

घरी उतरवलेल्या डीव्हीडीला विभाग नसतो. ती कुठेही चालते, एकात, दोनात, पाचात, विमानातसुद्धा. हे मला ठाऊक होतं. पण डीव्हीडी कसली आहे हे मी पंधरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. अमेरिकेहून आली म्हणजे एक नंबर, हे काकांनी धरलं आणि त्यांच्या अधिकारवाणीपुढे इंजिनिअर मीही मान डोलावली.

काका खुर्चीच्या कडेवर बसून बघत होते. बाळानं केकचा हात केसांना पुसला तेव्हा ते हसले, आणि मग एकदम गंभीर झाले. ‘‘म्हणजे ही तेव्हाच चालली असती?’’

‘‘चालली होती की,’’ काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. ‘‘तुम्ही पेन्शनीच्या कामाला गेलात तेव्हा यांच्या टीव्हीवर लावून पाहिली. याच्या आईनं आणि मी. तीनदा.’’

मी आईकडे बघायला वळलो. ती नेमकी घरी होती.

‘‘मला नाही सांगितलं?’’ काकांचा आवाज बारीक झाला.

‘‘तुम्ही राखून ठेवलं होतं ना,’’ काकू म्हणाल्या. ‘‘म्हटलं, ठेवू दे.’’

काकांनी डीव्हीडी पुन्हा पहिल्यापासून लावली. नातवाला शेजारी बसवून घेतलं. ती संपल्यावर सवयीनं चौकट उघडली, चष्मा सरसावून आकडा पाहिला आणि सुटकेचा श्वास टाकला. मग नोंदवही मागवली. मी खांद्यावरून डोकावून वाचलं:

‘आवर्तन क्र. ५. मागणी रद्द. शिल्लक १.’