उसनवारीचे ग्रंथशास्त्र
ग्रंथसंग्राहकाच्या घरात पुस्तक खरेदी, अदलाबदल किंवा उसनवारी, म्हणजे परतीची तारीख न ठरवता केलेले हस्तांतर, अशा तीन वाटांनी येते. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर घासाघीस करून मिळवलेली प्रत, जिच्या पहिल्या पानावर अनोळखी व्यक्तीला वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि समासात कसरीने केलेले बारीक संपादन असते, ती अर्थातच सर्वांत प्रतिष्ठेची. अदलाबदलीत आपले नकोसे देऊन दुसऱ्याचे नकोसे घेतले जाते, एवढेच. उसनवारीला मात्र शास्त्राचा आधार लागतो. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीतील पहिले सूत्र ग्रंथ उपयोगासाठी असतात असे सांगते; संग्राहकाला ते मान्यच असते, फक्त उशाशी रचलेल्या उसन्या पुस्तकांच्या चळतीवर चष्मा आणि पाण्याचे तांब्याभांडे ठेवणे हाही उपयोगच, असे भाष्य तो (मूळ मालकांना न विचारता) त्यावर करतो.