स्वस्तातली अचूकता

हजार यार्डांवर, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरवर, ठेवलेली पोलादी थाळी नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. तिला गोळी मारण्याची हौस माणसाला का व्हावी, हे टेक्सासात इतकी वर्षं काढूनही मला सांगता येत नाही. झाली खरी. आणि हौस झाल्यावर पहिलं काम म्हणजे ती स्वस्तात कशी भागेल ते बघणं.

दुकानदारानं आधी फिनलंडची टिक्का हातात दिली. तिचा बोल्ट असा सरकला, की किंमत विचारायला संकोच वाटला. मग नजर खाली आणत आणत मी पाचशे डॉलरच्या आसपासच्या मुलखात आलो. तिथं रुगर अमेरिकन आणि सॅवेज अ‍ॅक्सिस उभ्या होत्या. दस्ता प्लॅस्टिकचा, रूप बेताचं, नेम मात्र चोख. शंभर यार्डांवर इंचभराच्या आत-बाहेर गोळ्या घालणाऱ्या रायफलीसाठी एके काळी निष्णात कारागिराच्या दारात उभं राहावं लागे. सॅवेजनं 1958 साली आपल्या 110 मॉडेलात नळी एका मोठ्या नटानं घट्ट धरण्याची युक्ती काढली. त्यामुळे काडतुसाच्या घरातलं अंतर कारखान्यातच नट फिरवून जुळवता येऊ लागलं. काटकसरीतून निघालेली अक्कल म्हणून मला त्या नटाबद्दल फार जिव्हाळा आहे.

शंभर यार्डांवर एक इंच, म्हणजे हिशेबानं हजार यार्डांवर दहा इंच. कागदावर माझी पाचशे डॉलरची रायफल ती थाळी वाजवायला समर्थ होती. दुकानदार म्हणाला, “आता दुर्बीण.” दुर्बिणीची किंमत रायफलीएवढीच निघाली. चकती फिरवून नेम जितका वर न्यायचा तितकाच तो गेला पाहिजे आणि शून्यावर आणला की शून्यावरच आला पाहिजे. या एवढ्या प्रामाणिकपणाचे ते पैसे. प्रामाणिकपणा स्वस्तात मागू नये, हे मला तिथं पटलं.

काडतूस घेतलं 6.5 क्रीडमूर. हॉर्नडी कंपनीनं ते 2007 मध्ये आणलं. धक्का माफक, आणि लांबुडकी गोळी वाऱ्याला त्यातल्या त्यात कमी बधते. नाव मात्र न्यूयॉर्कजवळच्या एका जुन्या चांदमारीच्या मैदानाचं. तिथं 1874 मध्ये आयर्लंड आणि अमेरिकेचा सामना झाला. आयरिश लोक नळीच्या तोंडातून बार भरत होते, अमेरिकन मागून. अमेरिका 934, आयर्लंड 931. पण खरी गंमत अशी, की मिलनर नावाच्या आयरिश नेमबाजानं एक गोळी अगदी केंद्रात मारली होती, फक्त शेजारच्या लक्ष्याच्या. तिचे मिळायचे चार गुण मिळाले असते तर सामना त्यांचा होता. इतकी सुंदर गोळी इतकी वाया गेल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. पुढं ते मैदान बंद पडलं आणि 1912 पासून त्या जागी मनोरुग्णालय आहे. यावर घरात जी टिप्पणी व्हायची ती होऊन गेली आहे.

आमच्या मैदानावर एक निवृत्त आजोबा येतात. माझी रायफल बघून ते म्हणाले, “ही तुझ्यापेक्षा चांगली मारते, आणि बराच काळ मारत राहील.” मला हे फार सोयीचं वाटलं. म्हणजे महागडी रायफल घेण्यात अर्थ नाही, हे त्यांच्याच तोंडून निघालं. त्यांनी मला आधी बिनकाडतुसाचा सराव लावला. खोलीत एकही काडतूस नाही याची दोनदा खात्री करायची, आडवं पडायचं, श्वास सोडायचा, पुढचा घ्यायच्या आधीच्या निवांत क्षणात चाप हलकेच मागं न्यायचा. सगळा सराव फुकट. माझ्या स्वभावाला याहून जुळणारा क्रीडाप्रकार नसेल.

फुकटपणा संपतो तो मैदानावर. स्पर्धेच्या दर्जाचं एक काडतूस दीड-दोन डॉलरला पडतं. मी कोल्हापूरचा असल्यामुळे प्रत्येक बाराला एक मिसळ उडाल्याचा आवाज येतो. स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आमच्या राधानगरीच्या पोरानं ते केलं म्हणून इथं मी पेढे वाटले. पण त्या पदकामागं किती काडतुसं उडाली असतील हा विचारही मनातून जाईना.

आणि मग वारा. हजार यार्डांपर्यंत गोळी पंचवीसेक फूट खाली येते, पण ते गणित आहे. गुरुत्वाकर्षण दिलेला शब्द मोडत नाही. वारा मोडतो. ताशी 10 मैलांचा आडवा वारा गोळीला सहाएक फूट बाजूला नेतो. गोळी पोचायला दीड सेकंदाहून थोडं जास्त लागतं, तेवढ्यातही त्याचं मन पालटतं. पक्ष्याचा डोळा तेवढा दिसतो म्हणणाऱ्या अर्जुनाला द्रोणाचार्यांनी वाऱ्याचं काहीच कसं विचारलं नाही, याचं मला हल्ली नवल वाटतं. इथं गवत बघायचं, धूळ बघायची, तापलेल्या जमिनीवरचं मृगजळ दुर्बिणीतून बघायचं. ते उजवीकडे वाहतंय की डावीकडे, की सरळ वर उकळतंय, यावरून वारा ओळखायचा. हरणांना फसवणारं मृगजळ आजोबांना मात्र कायम खरं सांगतं. मला अजून ते दोन्ही बाजूंना वाहताना दिसतं.

हे सगळं वहीत लिहायचं असतं: तापमान, वाऱ्याचा अंदाज, चकतीवरचा आकडा, गोळी कुठं लागली. मी शेवटी खर्चाचा एक रकाना आखला आहे. परवा हिनं ती वही उघडली आणि मधले रकाने ओलांडून थेट तिथं पोचली. बराच वेळ वाचून म्हणाली, “अहो, सहा फूट लांबून गेलेल्या गोळीचेसुद्धा पूर्ण पैसे घेतात?”