श्री. डिलीट यांस, मुक्काम स्टोरेज क्लास

डिलीट,

पत्राची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’ने करायची आपल्याकडे रीत आहे. ती मी मुद्दाम मोडतो आहे, कारण तुझ्याबद्दल मला प्रेम नाही आणि नमस्कार करावा असं तू काही केलेलं नाहीस. तू कोण हे सगळ्यांना कळावं म्हणून पत्र उघडं ठेवलं आहे. क्लाउडवरच्या मॅनेज्ड कुबरनेटिस क्लस्टरमध्ये स्टोरेज क्लास नावाची एक व्याख्या असते. तिच्यात रिक्लेम पॉलिसी असं एक कलम असतं. ते कलम कोणी भरलं नाही, तर कोणी न नेमता तिथे तू येऊन बसतोस.

पोस्टग्रेस या डेटाबेसचा पॉड, म्हणजे क्लस्टरमधलं त्याचं चालतं रूप, डिस्क मागतो, त्या मागणीला पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम म्हणतात. मागणी आली की क्लस्टर क्लाउड कंपनीकडून एक खरी डिस्क करवून घेतो. ॲमेझॉनकडे ती ईबीएस असते, गूगलकडे पर्सिस्टंट डिस्क, मायक्रोसॉफ्टकडे ॲझ्युअर डिस्क. पुढे कधी तो क्लेम पुसला गेला, की तू मागची डिस्कही पुसायला लावतोस. हाताने तयार केलेल्या व्हॉल्यूमला काही न लिहिता ‘रिटेन’ मिळतं, म्हणजे डिस्क जागच्या जागी राहते. आपोआप तयार झालेल्याला मात्र तू मिळतोस, आणि हल्ली हाताने व्हॉल्यूम करतो कोण? माणसाचं लक्ष जिथे आधीच कमी, नेमका तिथेच तुझा मुक्काम. भाडेकरूने खोली सोडली म्हणून कोणी घरमालक इमारत पाडत नाही. तू पाडतोस, आणि आतलं सामान काढलंय का हे विचारतही नाहीस.

तुझ्या हातून काय जातं ते एकदा नीट ऐक. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल पद्धतीची मांडणी केली. त्यानंतरच्या दशकांत कितीतरी बुद्धिमान माणसांनी एकाच गोष्टीसाठी आयुष्य वेचलं: एकदा ‘नोंद झाली’ म्हटलं, की वीज गेली तरी ती नोंद राहिली पाहिजे. पोस्टग्रेसकडे बघ. खातेदाराने हप्ता भरला आणि व्यवहार कमिट झाला, की बदल आधी वॉल नावाच्या नोंदवहीत लिहिला जातो. ती ओळ खरोखर डिस्कवर उतरल्याची एफसिंककडून खात्री होईपर्यंत पोस्टग्रेस समोरच्याला ‘झालं’ असं सांगत नाही. यंत्र मध्येच बंद पडलं, तर पुन्हा उठताना तो वॉल वाचतो आणि कमिट झालेला प्रत्येक व्यवहार परत उभा करतो. एका हप्त्यासाठी एवढी काळजी. अशा लाखो हप्त्यांची डिस्क तू एका आज्ञेत घालवतोस, आणि वॉलही बहुतेक वेळा त्याच डिस्कवर असल्यामुळे सावरायला काही उरत नाही.

तुझी बाजू घेणारे म्हणतात की कुबरनेटिसने पहारे ठेवले आहेत. ठेवले आहेत, आणि ते मला माहीत आहेत. पॉड क्लेम वापरत असेल तोवर तो पुसण्याची आज्ञा अडवून ठेवली जाते, १.११ या आवृत्तीपासून ही सोय पक्की झाली. असे पॉड चालवणारा स्टेटफुलसेट पुसला तरी, वेगळं सांगितलं नसेल तर, त्याचे क्लेम मागे राहतात. नवा इंजिनिअर हे दोन्ही करून बघतो, डेटा जागेवर दिसतो आणि त्याचा विश्वास बसतो. तो विश्वासच तुझ्या कामाला येतो. बिल कमी करायचं म्हणून एखाद्या शुक्रवारी जुन्या नेमस्पेस, म्हणजे क्लस्टरमधले वेगवेगळे कप्पे, साफ करायचं ठरतं. कोणीतरी ‘क्यूबसीटीएल डिलीट नेमस्पेस’ आणि पुढे एक नाव टाइप करतो. नेमस्पेस जाताना तिच्यातले पॉड जातात, पॉड गेले की पहारा उठतो, क्लेम त्याच नेमस्पेसमधले असल्यामुळे तेही जातात, आणि त्यांच्या पाठोपाठ तू डिस्कपर्यंत पोचतोस. टाइप केलेल्या ओळीत डेटाबेसचा उल्लेख नव्हता, डिस्कचा नव्हता, खातेदारांचा तर नव्हताच. हेल्म या इन्स्टॉल करण्याच्या साधनाच्या चार्टमध्ये क्लेम स्वतंत्र लिहिलेला असेल तर ‘हेल्म अनइन्स्टॉल’नेही हेच होतं. डेटाबेस सांभाळणारा ऑपरेटर आणला म्हणून सुटका होत नाही: क्लाउडनेटिव्हपीजीमध्ये क्लस्टर ही वस्तू पुसली की तिच्या मालकीचे क्लेमही पुसले जातात, आणि पुढचं काम पुन्हा तुझ्याकडेच.

तुझा एक भाऊ आहे, त्याच्याबद्दल फार कमी जण बोलतात. तो व्हॉल्यूम स्नॅपशॉट क्लासमध्ये राहतो. तिथल्या डिलीशन पॉलिसीत डिलीट लिहिलं असेल, तर स्नॅपशॉटची वस्तू पुसताच क्लाउडमधला खरा स्नॅपशॉटही नाहीसा होतो. स्नॅपशॉटची वस्तूसुद्धा नेमस्पेसमध्येच राहते. म्हणजे त्या शुक्रवारच्या एका ओळीने डिस्क गेली आणि ‘स्नॅपशॉट आहेत ना’ म्हणून ज्यांच्याकडे धाव घ्यायची तेही गेले. तरी त्या भावाचं एक मी मान्य करतो. तिथे डिलीट की रिटेन हे लिहिणं सक्तीचं आहे, जागा कोरी ठेवली तर क्लस्टर ती व्याख्या स्वीकारतच नाही. लोक दस्तऐवजातलं उदाहरण तसंच उचलतात आणि त्यात डिलीट असतं, ही गोष्ट वेगळी. पण निदान कोणीतरी तो शब्द आपल्या हाताने लिहिलेला असतो. तू मात्र कोऱ्या जागेतून येतोस.

३१ जानेवारी २०१७ची रात्र आठव. गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी पुसायची आज्ञा दिली. त्यात ना कुबरनेटिस होतं ना तू. एक-दोन सेकंदांत चूक त्याच्या लक्षात आली आणि त्याने आज्ञा थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा पीजीडंप कित्येक दिवस फसतच होता. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंप करणारं साधन ९.२ चं. फसल्याची ईमेल जात होती, पण ती वाटेतच नाकारली जात होती. सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी योगायोगाने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने कंपनी वाचली, आणि मधल्या सहा तासांचा डेटा कायमचा गेला. हे सगळं त्यांनी लपवून न ठेवता जगासमोर मांडलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. त्या माणसाला निदान थांबवायला एक-दोन सेकंद मिळाले. तुझा निरोप क्लाउडच्या एपीआयला पोचल्यावर क्यूबसीटीएलवाल्याच्या हातात तेवढेही नसतात.

तू नसतास तर बेवारस डिस्कचा ढीग साचला असता, हा तुझा बचाव. चाचणीच्या क्लस्टरमध्ये डेटाबेस सकाळी उभा राहतो आणि दुपारी मोडतो. तिथे तुझा उपयोग आहे, तिथे खुशाल राहा. प्रॉडक्शनचा हिशोब वेगळा आहे. ईबीएसच्या जीपी३ प्रकाराला उत्तर व्हर्जिनियात एका जीबीमागे महिन्याला ०.०८ डॉलर पडतात. शंभर जीबीची विसरलेली डिस्क म्हणजे महिन्याला आठ डॉलर. एवढी रक्कम वाचवायला तू लोकांच्या नोंदी पणाला लावतोस.

आणि हे दूर कुठेतरी चाललेलं नाही. मायक्रोसॉफ्टचा विभाग पुण्यात २०१५पासून आहे, ॲमेझॉनचा मुंबईत २०१६पासून. इथल्या माणसांची कर्जं, फिया, रुग्णालयातल्या तारखा अशा क्लस्टरांवरही असतात. क्लाउड कंपनी कंट्रोल प्लेन सांभाळते, तो पडला तर उभा करते. आतल्या डेटाची जबाबदारी ग्राहकावर असते आणि करारात ते स्पष्ट लिहिलेलं असतं. क्लस्टर विकत घेणाऱ्या साहेबांना ते कोणी वाचून दाखवत नाही, याचा मला राग आहे.

आता तुझा बंदोबस्त. स्टोरेज क्लासमधलं तुझं कलम एकदा ठरलं की बदलता येत नाही, म्हणून डेटाबेससाठी नवा क्लास करायचा आणि त्यात रिटेन लिहायचं. ईबीएसची डिस्क एकाच झोनमध्ये अडकलेली असते, म्हणून त्याच क्लासमध्ये ‘वेट फॉर फर्स्ट कन्झ्युमर’ही लिहायचं, म्हणजे पॉड कुठे बसणार हे ठरल्यावरच डिस्क तिथे तयार होते. नव्या क्लासमुळे जुने व्हॉल्यूम सुटत नाहीत. त्यांना एकेक करून पॅच करावं लागतं, आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच. क्लेम आणि नेमस्पेस पुसण्याचा अधिकार आरबॅक या परवानग्यांच्या व्यवस्थेतून मोजक्या माणसांपुरता आणायचा. बेस बॅकअप आणि वॉलचं आर्काइव्ह क्लस्टरबाहेर, क्लाउडच्या दुसऱ्या खात्यातल्या बकेटमध्ये पाठवायचं, आणि दर महिन्याला रिकाम्या क्लस्टरवर ते परत उभं करून नोंदी मोजायच्या. रिटेन असताना कोणी क्लेम पुसलाच, तर व्हॉल्यूम ‘रिलीज्ड’ होऊन थांबतो. त्यातला क्लेमरेफ, म्हणजे जुन्या क्लेमचा उल्लेख, काढून टाकला की तो नव्या क्लेमला जोडता येतो, आणि शुक्रवारची चूक शनिवारी सकाळी दुरुस्त होते.

ज्यांनी तुला तिथे बसवलं त्यांच्याकडे माझं मागणं एवढंच: तुझ्या भावाच्या घरी जी सक्ती आहे ती तुझ्याही घरी आणा. रिक्लेम पॉलिसीची जागा कोरी असेल तर क्लस्टरने ती व्याख्या परत पाठवावी. तोवर आमच्याकडे दर रिलीजच्या आधी प्रॉडक्शनमधल्या सगळ्या पर्सिस्टंट व्हॉल्यूमची यादी निघेल, आणि तिच्यातल्या रिक्लेम पॉलिसीच्या रकान्यात एकदा जरी तुझं नाव दिसलं तरी रिलीज पुढे जाणार नाही.

तुझा कोणीही नसलेला,
एक डेटाबेस सांभाळणारा