नव्वद टक्के रिजेक्शन

चाकणच्या कंपनीत क्वालिटीला असलेला माणूस एक पीस रिजेक्ट झाला तरी पाच वेळा ‘का?’ विचारतो, कागद भरायला लावतो, लाइन थांबवतो. तोच गृहस्थ रात्री निगडी प्राधिकरणातल्या गच्चीवर नव्वद टक्के माल फेकून देतो आणि वर ‘आज उत्पादन बरं झालं’ म्हणतो. असा माणूस दिसला की समजावं, हा ग्रहांचे फोटो काढणाऱ्यांपैकी आहे.

दीर्घिका आणि तेजोमेघ टिपणारी मंडळी अंधार शोधत गाडी घेऊन रानोमाळ हिंडतात. याला त्याची गरज नाही. गुरू एमआयडीसीच्या दिव्यांना भीक घालत नाही. याचं वैर हवेशी. ‘काय स्वच्छ आकाश आहे, चांदण्या कशा लुकलुकताहेत!’ असं शेजारी म्हणाले की याचा चेहरा सुतकी होतो. चांदणी लुकलुकते म्हणजे वरची हवा ढवळलेली. लॅपटॉपवर गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा थरथरतो. उलट थंडीतल्या एखाद्या पहाटे भोसरीवर धुरकट हवा निपचित पडलेली असते, सगळी सोसायटी खोकत असते आणि हा खुशीत शीळ घालत असतो.

दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, म्हणून हा गच्चीवर बादल्यांनी पाणी ओततो. वरच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते आणि सेक्रेटरीचं पत्र येतं. तोवर आठ इंची दुर्बिणीचा आरसा गार झालेला असतो. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, ओटीला थांबत नाही. अडीचेक मिनिटांत व्हिडिओ उरकला नाही तर त्यावरचा तांबडा डाग फासटतो. तेवढ्यात 15 हजार फ्रेम मिळतात. ‘ऑटोस्टॅकर्ट’ नावाचं सॉफ्टवेअर त्यातल्या दीड हजार निवडून एकावर एक रचतं. उरलेल्यांसाठी ‘का?’ कोणी विचारत नाही.

शेजारच्या काकू मात्र साडेसातीबद्दल विचारतात. 2025 मध्ये शनीची कडी कडेने दिसू लागली, अगदी रेघेएवढी झाली, हे त्याने कौतुकाने सांगितलं. काकू म्हणाल्या, ‘चला, म्हणजे जोर उतरला त्याचा!’

याची खरी साडेसाती पावसाळ्यात. ग्रह सर्वांत मोठा दिसतो तो प्रतियुतीच्या, म्हणजे आकाशात सूर्याच्या नेमका समोर येण्याच्या सुमारास, आणि शनीने 2021, 2022, 2023 अशी ओळीने तीन वर्षं त्यासाठी ऑगस्ट महिना निवडला. मंगळाने तर 27 जुलै 2018 ला कमाल केली. इथे पाऊस आणि तिथे अख्ख्या मंगळावर धुळीचं वादळ. म्हणजे ढग फाटले असते तरी तांबूस गोळ्यापलीकडे फारसं काही दिसलं नसतं. पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था ही आकाशनिरीक्षकांची संस्था आहे. आपल्यासारखे आणखी कोण कोण भिजले हे तिथे कळतं, एवढाच दिलासा.

गुरुवार भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांचा सुट्टीचा वार. पण आकाश नेमकं बुधवारी, थर्ड शिफ्टला, उघडतं. कंपनीच्या बसच्या खिडकीतून वर बघत जाणारा माणूस दिसला तर तो हाच.

शनीची पुढची प्रतियुती 4 ऑक्टोबर 2026 ला आहे. तोवर पाऊस परतेलच असं नाही. तुमच्या सोसायटीत असा कोणी असेल तर त्या रात्रीपुरती गच्चीची किल्ली त्याच्याकडे राहू द्या, आणि ओलीचं पत्र नंतर पाठवा.